नौका बांधणारा राजा

युरोप व आशिया या दोन्ही खंडांत पसरलेला रशिया हा क्षेत्रफळाच्या दृष्टीने जगातील सर्वांत मोठा देश होय. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वीही त्याचा विस्तार फार मोठा होता. परंतु युरोपातील इतर राष्ट्रे त्या वेळी त्यास फारशी किंमत देत नसत. याचे एक मोठे कारण त्याच्या भूगोलातच होते. एवढ्या विशाल देशाला बाहेरच्या जगाकडे जाण्यास सोयीचा असा खुला समुद्र नव्हता. पश्चिमेकडील बाल्टिक समुद्राचा किनारा स्वीडनच्या ताब्यात होता. दक्षिणेकडील काळ्या समुद्रावर तुर्कांची सत्ता होती. उत्तरेस श्वेत समुद्रावर आर्खांगेल्स्क हे एक बंदर होते. पण तेथील पाणी वर्षातील कित्येक महिने गोठून जाई. ज्या घराला दारच नाही, त्या घरातील माणसांनी बाहेर जावे कसे आणि बाहेरच्यांनी आत यावे कसे? हे दार उघडणे हेच ज्याने आपले जीवितकार्य मानले, त्या पहिल्या पीटर राजाचे हे चरित्र आहे.

पीटरचा जन्म इ. स. १६७२ मध्ये मॉस्को येथे झाला. रशियाच्या राजास झार असे म्हणत. पीटरचा पिता झार अलेक्सी याने दोन विवाह केले होते. पहिल्या राणीपासून त्यास फ्योदोर व इव्हान हे पुत्र आणि सोफिया व इतर कन्या होत्या. पीटर हा दुसरी राणी नताल्या हिचा मुलगा. तो अवघा चार वर्षांचा असताना पिता मरण पावला आणि फ्योदोर गादीवर आला. सहा वर्षांनी, म्हणजे १६८२ मध्ये, फ्योदोरही निपुत्रिक वारला. इव्हान वयाने मोठा होता. परंतु तो प्रकृतीने दुर्बळ व बुद्धीने मंद होता. म्हणून सरदारांनी दहा वर्षांच्या पीटरला झार म्हणून निवडले.

ही निवड सोफियाच्या पक्षाला रुचली नाही. मॉस्कोत स्ट्रेल्त्सी नावाचे बंदूकधारी सैन्य असे. पीटरच्या आईच्या माणसांनी इव्हानला ठार मारले, अशी खोटी बातमी या शिपायांमध्ये पसरली. खवळलेले शिपाई क्रेमलिनच्या राजवाड्यात घुसले. राणी नताल्याने दोन्ही राजपुत्रांना हाताशी धरून वाड्याच्या पायऱ्यांवर आणून दाखविले. तरीही तो जमाव शांत झाला नाही. पीटरच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईच्या विश्वासातील माणसांना भाल्यांवर फेकून ठार मारण्यात आले. दहा वर्षांच्या मुलाने जे पाहू नये ते त्याने त्या दिवशी पाहिले. या आठवणीने त्याचा पुढे कधीही पिच्छा सोडला नाही. क्रेमलिनविषयी त्याच्या मनात कायमची अढी बसली आणि बंडखोरांविषयी दया हा शब्दच त्याच्या मनातून पुसला गेला.

या दंग्यानंतर इव्हान व पीटर या दोघांनाही झार ठरविण्यात आले आणि कारभार सोफियाच्या हाती गेला. दोन राजांसाठी दोन आसनांचे एक सिंहासन बनविले होते. ते आजही मॉस्कोच्या संग्रहालयात पाहावयास मिळते. पीटरला दरबारात कोणी विचारीत नसे. तो आईसह मॉस्कोजवळच्या प्रेओब्राझेन्स्कोये या खेड्यात राहू लागला. त्याचे रीतसर शिक्षण तुटपुंजेच झाले. पुढे मोठेपणीही त्याच्या लिहिण्यात शुद्धलेखनाच्या चुका होत. परंतु त्याचे हात व डोळे कधी स्वस्थ बसले नाहीत. सुतार, लोहार, गवंडी यांच्याजवळ जाऊन तो त्यांची कामे शिकला. गावातील मुले व घोडे सांभाळणाऱ्या नोकरांची मुले गोळा करून त्याने एक खेळातले पथक उभारले. या खेळात खरी शिस्त होती, खरे ढोल होते आणि पुढे तर खऱ्या तोफाही आल्या. राजा असूनही पीटर स्वतः मात्र त्यात सेनापती झाला नाही. खालच्या पदापासून आरंभ करून, अंगी पात्रता येईल तसतसे वर चढावयाचे, असा नियम त्याने इतरांना लावण्यापूर्वी स्वतःला लावला. या खेळातूनच पुढे रशियन सैन्यातील दोन नामांकित पलटणी निर्माण झाल्या.

१६८८ मध्ये, पीटर सोळा वर्षांचा असताना, एक लहानशी गोष्ट घडली. इझ्मायलोवो येथील एका कोठारात अडगळीचे सामान पडले होते. त्यात त्याला एक मोडकी परदेशी होडी दिसली. रशियातील नद्यांवर चालणाऱ्या होड्यांपेक्षा तिची घडण निराळी होती. ही होडी शिडाच्या साहाय्याने वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनेही जाऊ शकते, असे त्याला एका डच गृहस्थाने सांगितले. वारा समोरून येत असताना होडी पुढे जाते, हे पीटरला मोठे नवल वाटले. त्याने एका वृद्ध डच सुताराकडून ती दुरुस्त करवून घेतली, तिला डोलकाठी व शीड बसविले आणि पाण्यात लोटली. शीड वाऱ्याशी तिरके धरून नागमोडी वाटेने होडी पुढे सरकली. गावची नदी तिला अपुरी पडू लागली, म्हणून पीटर शंभर किलोमीटरांहून दूर असलेल्या प्लेश्चेयेवो सरोवरावर गेला आणि तेथे स्वतः नौका बांधू लागला. समुद्र अद्याप त्याने पाहिलादेखील नव्हता. पण समुद्राचे वेड त्यास लागले ते याच वेळी.

१६८९ मध्ये सोफियाची सत्ता संपुष्टात आली आणि तिची रवानगी एका मठात झाली. चार वर्षांनी पीटर आर्खांगेल्स्कला गेला व तेथे त्याने प्रथमच समुद्र पाहिला. इंग्रज व डच व्यापाऱ्यांची उंच गलबते बंदरात उभी होती. रशियाचे स्वतःचे असे एकही मोठे गलबत तेथे नव्हते. रशियाची कातडी, ताग, डांबर व लाकूड परक्यांच्या जहाजांतून बाहेर जाई आणि त्यांवरील नफाही परकेच घेत. राष्ट्राला समुद्र हवा आणि समुद्रावर चालविण्यासाठी स्वतःची जहाजे हवीत, ही गोष्ट पीटरच्या मनात पक्की ठसली.

प्रथम त्याने दक्षिणेचा मार्ग चोखाळला. डॉन नदीच्या मुखाजवळ अझोव्ह हा तुर्कांचा किल्ला होता. १६९५ मध्ये पीटरने त्याला वेढा दिला. परंतु तुर्की जहाजे समुद्राकडून किल्ल्यात रसद पोचवीत राहिली आणि रशियनांना हात हालवीत परतावे लागले. पराभवाचे खापर दुसऱ्याच्या माथी फोडण्याऐवजी पीटरने पराभवाचे कारण शोधले. आरमारावाचून हा किल्ला पडणार नाही हे ओळखून त्याने व्होरोनेझ येथे हजारो माणसे कामाला लावली. एका हिवाळ्यात तेथे युद्धनौकांचा एक ताफा तयार झाला. पीटर स्वतः हाती कुऱ्हाड घेऊन इतर सुतारांबरोबर राबत होता. १६९६ च्या उन्हाळ्यात या ताफ्याने समुद्राची वाट रोखून धरली आणि अझोव्ह रशियाच्या हाती आले. त्याच वर्षी इव्हान वारला व पीटर एकटा राजा राहिला.

तथापि घाईने बांधलेल्या नौका फार काळ टिकणार नाहीत, हे पीटर जाणून होता. त्याच्या देशात जहाजबांधणीचे शास्त्र कोणालाच येत नव्हते. मग ते शिकण्यासाठी राजाने स्वतःच परदेशी जाण्याचे ठरविले. १६९७ मध्ये सुमारे अडीचशे माणसांचे एक शिष्टमंडळ युरोपच्या प्रवासास निघाले. त्यात प्योत्र मिखाइलोव्ह असे नाव धारण केलेला एक तरुण होता. तोच रशियाचा झार. त्याची उंची दोन मीटर असल्यामुळे तो गर्दीत लपणे कठीणच होते. पण त्याला राजा म्हणून कोणी ओळख दाखवू नये, अशी त्याची सक्त ताकीद होती.

हॉलंडमधील झानडाम हे गाव जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध होते. तेथे पीटरने एका लोहाराच्या लाकडी घरात बिऱ्हाड केले व तो गोदीत कामाला जाऊ लागला. परंतु हा सुतार म्हणजे रशियाचा राजा, ही बातमी आठवड्याभरातच पसरली आणि त्याला पाहण्यासाठी लोकांची झुंबड उडाली. तेव्हा तो ॲम्स्टरडॅमला गेला. तेथे डच ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदिस्त गोदीत त्याला काम मिळाले. पहाटे उठावे, खांद्यावर हत्यारे टाकून गोदीत जावे, मुख्य कारागिराची आज्ञा पाळावी, लाकडे तासावीत, फळ्या जोडाव्यात, असा त्याचा क्रम काही महिने चालला. त्याच्या डोळ्यांसमोर एका युद्धनौकेचा कणा मांडला गेला आणि त्याने इतरांबरोबर खपून ती पाण्यात उतरेपर्यंतचे सारे काम शिकून घेतले. काम संपल्यावर मुख्य कारागिराने त्याला कुशल सुतार म्हणून प्रमाणपत्र दिले. एवढ्या मोठ्या देशाच्या राजाला त्या कागदाचा फार अभिमान वाटे.

डच कारागीर अनुभवाने व नजरेच्या अंदाजाने जहाज बांधीत. त्यामागील गणित व आराखडा त्यांना नीट समजावून देता येईना. इंग्लंडमध्ये हे शास्त्र शिकता येईल असे कळताच पीटर १६९८ च्या आरंभी तेथे गेला. लंडनजवळील डेप्टफर्डच्या गोदीत त्याने आराखडे काढण्याचा अभ्यास केला. ग्रिनिचची वेधशाळा, नाणी पाडण्याची टांकसाळ, तोफांचे कारखाने, असे जे जे दिसेल ते ते तो बारकाईने पाही. घड्याळ खोलून पुन्हा जोडणे, दात उपटणे, तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरणे, असली कामेही तो शिकला. मात्र त्याचे वागणे नेहमीच सभ्य होते असे नाही. डेप्टफर्डला ज्या घरात तो व त्याचे सोबती उतरले होते, त्या घराची व बागेची त्यांनी अशी नासाडी केली, की त्याची भरपाई इंग्लंडच्या सरकारला द्यावी लागली. परत येताना त्याने शेकडो परदेशी तंत्रज्ञ, खलाशी, वैद्य व शिक्षक रशियाच्या चाकरीत घेतले.

तो व्हिएन्ना येथे असताना मॉस्कोत स्ट्रेल्त्सी शिपायांनी पुन्हा बंड केल्याची वार्ता आली. पीटर तातडीने परतला. तो पोचण्यापूर्वीच बंड मोडले गेले होते. तरीही त्याने बंडखोरांना अतिशय निर्दयपणे शिक्षा दिल्या. एक हजारांहून अधिक शिपायांना देहदंड झाला. हॉलंडमध्ये मुकाट्याने दुसऱ्याची आज्ञा पाळणारा सुतार आणि मॉस्कोत रक्ताचे पाट वाहविणारा राजा हे दोघे एकच होते, हे आपण विसरता कामा नये.

यानंतर त्याने जुन्या चालीरीतींवर शस्त्र धरले. रशियन सरदार लांब दाढी राखीत व पायघोळ अंगरखे घालीत. दाढी काढणे हा धर्मभ्रष्टपणा आहे, अशी पुष्कळांची श्रद्धा होती. पीटरने स्वतः कात्री घेऊन आपल्या सरदारांच्या दाढ्या कापल्या. पुढे दाढी राखू इच्छिणाऱ्यांवर त्याने कर बसविला आणि कर भरल्याची खूण म्हणून एक धातूचा बिल्ला देण्याची पद्धत पाडली. त्या काळी रशियात सृष्टीच्या निर्मितीपासून वर्षे मोजीत व नवे वर्ष सप्टेंबरात सुरू होई. पीटरच्या आज्ञेने ७२०८ हे वर्ष चालू असतानाच १ जानेवारी १७०० या दिवशी नवे वर्ष सुरू झाले. कपडे बदलल्याने मने बदलतात की काय, हा प्रश्न तेव्हाही अनेकांनी मनातल्या मनात विचारला असेल. परंतु राजासमोर तो विचारण्याची कोणाची छाती नव्हती.

आता बाल्टिक समुद्राकडे त्याची दृष्टी वळली. १७०० मध्ये डेन्मार्क, पोलंड व सॅक्सनी यांच्याशी मैत्री करून त्याने स्वीडनविरुद्ध युद्ध पुकारले. स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स हा केवळ अठरा वर्षांचा होता. परंतु हा तरुण रणांगणावर विजेसारखा चपळ निघाला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात नार्व्हा येथे, तिपटीहून मोठ्या अशा रशियन सैन्यावर त्याने बर्फाच्या वादळात चाल केली. वादळ रशियनांच्या तोंडावर येत होते. काही तासांतच त्यांची फळी फुटली, सेनापती शरण गेले आणि सगळ्या तोफा शत्रूच्या हाती पडल्या. पीटर लढाईच्या आदल्या दिवशीच तेथून निघून गेला होता. साऱ्या युरोपात त्याची थट्टा झाली.

एखादा दुसरा राजा या आघाताने खचून गेला असता. पीटरने मात्र दुसऱ्याच दिवसापासून नव्या सैन्याचा विचार सुरू केला. तोफांसाठी धातू नव्हता, तेव्हा त्याने देवळांतील घंटा उतरवून त्या वितळविण्याची आज्ञा दिली आणि वर्षभरात दोनशेंहून अधिक नव्या तोफा ओतविल्या. उरल पर्वतात लोखंडाचे कारखाने निघाले. १७०१ मध्ये मॉस्कोत गणित व नौकानयन शिकविणारी शाळा उघडण्यात आली. दर वीस घरांमागे एक तरुण सैन्यात घेण्याचा नियम झाला. चार्ल्स पोलंडमध्ये लढत गुंतून पडला होता. त्याने दिलेली ही उसंत पीटरने वाया जाऊ दिली नाही.

१७०२ व १७०३ या दोन वर्षांत रशियनांनी नेव्हा नदीवरील स्वीडिश ठाणी जिंकली. ही नदी लाडोगा सरोवरातून निघून बाल्टिकच्या फिनलंड आखाताला मिळते. तिच्या मुखाशी, मे १७०३ मध्ये, पीटरने एका किल्ल्याचा पाया घातला. सेंट पीटर्सबर्ग या शहराचा तो आरंभ होय. जागा दलदलीची होती. हिवाळ्यात हाडे गोठविणारी थंडी पडे आणि वादळ उठले, की समुद्राचे पाणी नदीत शिरून पूर येई. प्रथम राजासाठी तीन दिवसांत ओंडक्यांचे एक लहान घर उभे राहिले. ते अद्यापही जतन करून ठेवलेले आहे. मग देशाच्या कानाकोपऱ्यांतून दरवर्षी हजारो शेतकरी वेठीने धरून आणले जाऊ लागले. चिखलात उभे राहून त्यांनी लाकडी खांब ठोकले, माती वाहिली व कालवे खणले. पुरेसे अन्न नाही, निवारा नाही, अवजारेही नाहीत, अशा स्थितीत तापाने व उपासमारीने असंख्य माणसे तेथे मेली. येणाऱ्या प्रत्येक गाडीने व होडीने बरोबर दगड आणले पाहिजेत, असा हुकूम निघाला आणि पुढे काही वर्षे इतर शहरांत दगडी घरे बांधण्यास मनाई झाली. १७१२ मध्ये पीटरने राजधानी मॉस्कोहून या नव्या शहरी आणली. रशियाच्या घराला हवे असलेले दार आता मिळाले होते; पण ते टिकवून धरण्यासाठी आणखी मोठी लढाई जिंकावी लागली.

ती लढाई झाली पोल्टाव्हाला. १७०८ मध्ये चार्ल्स मोठे सैन्य घेऊन रशियावर चालून आला. पीटरने समोरासमोर लढाई देण्याचे टाळले. माघार घेताना त्याच्या सैन्याने वाटेतील धान्य व चारा जाळून टाकला, त्यामुळे स्वीडिश सैन्याला दक्षिणेस युक्रेनकडे वळावे लागले. त्या वर्षीचा हिवाळा युरोपात कित्येक वर्षांत पडला नव्हता असा कडक होता. हजारो स्वीडिश सैनिक थंडीने गारठून मेले. पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे १७०९ मध्ये, पोल्टाव्हा या गावाजवळ दोन्ही सेनांची गाठ पडली. चार्ल्सच्या पायाला गोळी लागली असल्याने त्याला डोलीतून रणांगणावर आणले होते. पीटर घोड्यावरून आघाडीस फिरत होता. एक गोळी त्याची टोपी भेदून गेली. काही तासांतच स्वीडिश सैन्याचा धुव्वा उडाला. चार्ल्सने जेमतेम थोड्या माणसांनिशी तुर्कांच्या मुलखात आश्रय घेतला. त्या संध्याकाळी पीटरने कैद झालेल्या स्वीडिश सेनापतींना आपल्या मेजवानीस बोलावले व त्यांचा उल्लेख आपले युद्धकलेतील गुरू असा केला, असे सांगतात. नऊ वर्षांपूर्वी ज्या रशियाची युरोपने थट्टा केली, त्याच रशियाशी सोयरीक जोडण्यास आता युरोपातील राजघराणी पुढे येऊ लागली.

विजयाने मनुष्य बेसावध होतो, हा अनुभव पीटरलाही आला. १७११ मध्ये तुर्कांविरुद्ध चाल करून गेला असता प्रुट नदीच्या काठी तो सैन्यासह वेढला गेला. सुटकेसाठी त्याला तह करावा लागला आणि मोठ्या कष्टाने जिंकलेले अझोव्ह परत द्यावे लागले. दक्षिणेचे दार बंद झाले. तेव्हा त्याने आपले सारे बळ उत्तरेकडे लावले.

१७१४ मध्ये फिनलंडच्या किनाऱ्यावर गांगुट येथे रशियन आरमाराची कसोटी लागली. स्वीडनची जहाजे मोठी व शिडांची होती. रशियनांजवळ वल्ह्यांनी चालणाऱ्या सडपातळ नौका होत्या. एके दिवशी वारा अजिबात पडला. शिडांची जहाजे जागच्या जागी खिळली आणि ही संधी साधून रशियन नौका वल्ह्यांच्या जोरावर पुढे सरकल्या. तुंबळ लढाईनंतर त्यांनी स्वीडिश तुकडीतील जहाजे काबीज केली. रशियाच्या आरमाराचा समुद्रावरील हा पहिला मोठा विजय. या मोहिमेत राजा आपल्या जुन्या प्योत्र मिखाइलोव्ह या नावानेच एक अधिकारी म्हणून लढला आणि या कामगिरीबद्दल त्याला रीतसर वरचे पद देण्यात आले.

अखेर १७२१ मध्ये, एकवीस वर्षांच्या युद्धानंतर, नीस्टाड येथे तह झाला. आजच्या एस्टोनियाचा व लात्व्हियाचा बराचसा भाग, नेव्हाकाठचा प्रदेश आणि कारेलियाचा काही भाग रशियास मिळाला. बाल्टिकचा किनारा हाती आला. त्याच वर्षी पीटरने सम्राट ही पदवी धारण केली. यानंतर युरोपातील कोणताही मोठा प्रश्न रशियाला वगळून सोडविणे शक्य राहिले नाही.

युद्ध चालू असतानाही त्याने राज्यकारभाराची घडी नव्याने बसविली. १७११ मध्ये त्याने सिनेट नावाचे वरिष्ठ मंडळ स्थापिले. ग्रंथ छापण्यासाठी सुटसुटीत लिपी तयार करविली. रशियातील पहिले छापील वृत्तपत्र त्याच्याच आज्ञेने निघाले. विचित्र प्राणी, खनिजे व उपकरणे यांचे संग्रहालय त्याने लोकांसाठी खुले केले. १७२२ मध्ये त्याने सरकारी पदांच्या चौदा पायऱ्या ठरविल्या. केवळ उच्च कुळात जन्म झाला म्हणून मोठे पद मिळणार नाही. प्रत्येकाने खालच्या पायरीपासून सेवा करून वर यावे, असा त्याचा हेतू होता. व्यापाराचे त्याचे स्वप्न तर पार भारतापर्यंत पोचले होते. व्होल्गा नदीच्या मुखाजवळील आस्त्राखान येथे त्या काळी भारतीय व्यापाऱ्यांची वसाहत होती आणि भारताकडे जाणारा मार्ग सापडावा अशी पीटरची मोठी इच्छा होती. ती मात्र सफळ झाली नाही.

या सर्व वैभवाची किंमत कोणी दिली? ती दिली रशियाच्या शेतकऱ्याने. रशियातील बहुसंख्य शेतकरी भूदास होते; ते जमिनीला बांधलेले असत आणि मालक त्यांना विकूही शके. पीटरने त्यांची बेडी सैल केली नाही, उलट अधिक आवळली. सैन्याचा खर्च भागविण्यासाठी त्याने खेड्यातील प्रत्येक पुरुषामागे, मग तो तान्हे मूल असो की म्हातारा, डोईपट्टी बसविली. लेखी परवान्यावाचून शेतकऱ्याला आपले गाव सोडता येईना. ही भूदासपद्धती रद्द होण्यास पुढे १८६१ साल उजाडावे लागले.

त्याच्या स्वतःच्या घरातही असेच दुःख होते. त्याचा पुत्र अलेक्सी हा शांत स्वभावाचा, जुन्या रीती आवडणारा होता. पित्याच्या अपेक्षांचा भार त्यास पेलवेना. १७१६ मध्ये तो परदेशी पळून गेला. क्षमा करण्याचे आश्वासन देऊन पीटरने त्याला परत आणविले. पण नंतर त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवून त्याचा छळ करण्यात आला आणि देहान्ताची शिक्षा फर्माविण्यात आली. ती अमलात येण्यापूर्वीच, १७१८ च्या उन्हाळ्यात, अलेक्सी पीटर्सबर्गच्या किल्ल्यात मरण पावला. मोडकी होडी धीराने दुरुस्त करणाऱ्या पीटरला आपल्या मुलाचे मन मात्र जिंकता आले नाही.

बालपणी सापडलेली ती होडी १७२३ मध्ये समारंभपूर्वक पीटर्सबर्गला आणण्यात आली. पन्नाशी ओलांडलेल्या सम्राटाने तिचे सुकाणू हाती घेतले आणि रांगेने उभ्या असलेल्या प्रचंड युद्धनौकांनी तोफांची सलामी देऊन तिला वंदन केले. तिला रशियन आरमाराची आजी म्हटले तर वावगे होणार नाही. ती आजही पीटर्सबर्गच्या नौदल संग्रहालयात आहे. पुढे पीटरची प्रकृती झपाट्याने ढासळली. मृत्यूपूर्वी थोडे दिवस त्याने एक शेवटची मोठी आज्ञा काढली. आशिया व अमेरिका ही खंडे एकमेकांना जोडलेली आहेत की काय, हे शोधून काढण्यासाठी व्हिटस बेरिंग या दर्यावर्द्याची त्याने नेमणूक केली. त्या दोन खंडांमधील सामुद्रधुनीला आज बेरिंगचेच नाव आहे. १७२५ च्या आरंभी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, पीटरचा अंत झाला. आपला वारस आपणच निवडण्याचा कायदा त्याने केला होता. परंतु वारसाचे नाव सांगण्यास त्याला अवधी मिळाला नाही. त्याची राणी कॅथरिन गादीवर आली खरी. पण तिच्यामागे राज्यपदासाठी अनेक वर्षे कटकारस्थाने चालू राहिली.

तथापि त्याने घातलेला पाया ढासळला नाही. १७०० मध्ये नार्व्हाच्या बर्फात उधळून गेलेल्या त्या सैन्याचे वारसदार १८१४ मध्ये नेपोलियनचा पाडाव करून पॅरिसमध्ये शिरले. पीटर्सबर्ग सुमारे दोनशे वर्षे रशियाची राजधानी होते.

इतिहासाने पीटरला थोर ही पदवी दिली आहे. आपल्याला जे येत नाही ते शिकण्यात कमीपणा नाही, मग शिकणारा राजा का असेना; आणि पराभव हा अपमान म्हणून उगाळण्याऐवजी धडा म्हणून गिरवावा, या दोन गोष्टी त्याच्या चरित्रातून उठून दिसतात. परंतु त्या थोर शहराच्या पायाखाली ज्यांची हाडे आहेत, त्यांची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत. पीटरची थोरवी मान्य करताना त्या अनामिक माणसांचे ऋणही आपण तितकेच मान्य केले पाहिजे. राष्ट्र मोठे होते ते एकट्या राजाच्या इच्छाशक्तीने नव्हे. त्या इच्छेचे ओझे वाहणाऱ्या लक्षावधी खांद्यांमुळे ते मोठे होते.